बुधी फुईची खूण

इथल्या जुन्या वाचकांना मी माहीत असेन. कुणी ‘पांढऱ्या साडीतली बाई दिसली’ असं लिहिलं की खाली ‘चष्म्याचा नंबर तपासून घ्या’ अशी कॉमेंट टाकणारी मीच. कुणाच्या घरात आपोआप भांडी पडली तेव्हा ‘मांजर पाळा’ हा सल्लाही माझाच होता. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगू... अजूनही तो धड बसलेला नाही. त्यामुळे माझ्या या पोस्टखाली तुम्ही काय काय लिहाल ते सगळं मी स्वतःला आधीच विचारून झालंय. तरी लिहितेय, कारण मला आभार मानायचे आहेत, आणि ज्या बाईचे मानायचे ती ते ऐकून नुसती हसते.

आम्ही मोखाडा तालुक्यातले. खोडाळ्याच्या बाजारातून मोखाड्याकडे येणाऱ्या जीपमधून मध्येच उतरायचं, सागातून खाली जाणारी पायवाट धरायची, ओहोळ ओलांडला की आमचा पाडा. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी मोबाईल घेऊन रील बनवायला हजर होईल. घरामागे उतारावर भाताची खाचरं, त्यांच्या वर नागलीचा, म्हणजे नाचणीचा, माळ, आणि दोन्हींच्या मधे, विहिरीला लागून, आमचा मोगरा.

हा मोगरा का लावला ते आधी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. माझा नवरा शिवराम दरवर्षी जायचा. लग्नापासून मी त्याला उन्हाळ्यात पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. एके वर्षी तो परत आला तेव्हा आमची धाकटी दारात खेळत होती. तिनं बापाकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, “घरात कोनी नाय, नंतर ये.” आम्ही सगळे हसलो. शिवरामही हसला आणि मग विहिरीवर जाऊन बराच वेळ बसून राहिला. त्या पावसाळ्यात आम्ही मोगऱ्याची रोपं आणली. मोगरा लागला तर शिवराम घरी राहणार आणि नाही लागला तर पुन्हा भट्टी, एवढा साधा हिशोब होता.

आता फुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. बुधी फुई ही शिवरामच्या बापाची बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तशी ती भावाकडे परत आली, आणि पुढे शिवरामची आई वारल्यावर तिनंच त्याला वाढवलं. पाड्यात तिचं नाव होतं ते कंद काढण्यासाठी. रानातल्या कंदांचे वेल पावसात हिरवे असतात, पण कंद काढायचे ते थंडीत, वेल वाळून गेल्यावर. म्हणून ज्याला पावसात वेल दिसतो तो त्याच्यावर गवताची गाठ बांधून ठेवतो. ती त्याची खूण. एकदा खूण बांधली की तो वेल त्याचा, दुसरा कुणी हात लावत नाही. भांडखोरातला भांडखोर माणूसही हा नियम मोडत नाही.

प्रत्येकाची गाठ थोडी वेगळी असते. फुईची तर लांबूनच ओळखू यायची. ती डावखुरी, त्यामुळे गवताचा पीळ सगळ्यांच्या उलटा. शिवाय गाठीतून गवताचं एक लांब शेपूट सोडायची आणि ते मुळाच्या दिशेनं वळवून ठेवायची, म्हणजे नंतर शोधत बसायला नको. मी बारावी पास झालेली नवी नवरी, तशी गाठ मारायला गेले तर सगळा गुंता झाला. फुई म्हणाली, “तुजी बारावी हीच का गं?” आमचं असंच चालायचं. मी तिला बोलायची, ती मला बोलायची, आणि जेवायला दोघी एकाच ताटात.

मागच्या वर्षी तिला लकवा झाला आणि डावी बाजू गेली. बोलणंही गेलं, एखाददुसरा शब्द कधी येतो, कधी येत नाही. डाव्या हाताची तर मूठच वळली ती वळलीच. रोज सकाळ-संध्याकाळ मी कोमट पाण्यानं आणि खोबरेल तेलानं ती मूठ हळूहळू उघडते, धुते, आणि आत फडक्याची गुंडाळी ठेवते, नाहीतर नखं तळव्यात रुततात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या कडेला एक वेल आला. बदामासारखी पानं, कडेला बारीक दाते, खोड दोरीएवढं, चिवट आणि रसरशीत. पाड्यात कुणीच तो कधी पाहिला नव्हता. माझी मोठी जाऊ यमुना म्हणाली गुळवेल असेल, दुसरा कुणी म्हणाला कडूकंदाची जात. आमच्या लोकांना शंभर वेल पानावरून सांगता येतात, पण याच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले. मोगऱ्याची रोपं आणली त्या पिशव्यांच्या मातीतून आला असावा असं मला वाटतं, पण तेही वाटणंच.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक घोळ घातला. लावणीच्या वेळी आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून जुड्या बांधाव्या लागतात. त्यासाठी जुना पेंढा ठेवलेला असतो. या वेळी तो भिजून कुजला होता, हातात घेतला की तुटायचा. तेवढ्यात यमुनाला तो वेल दिसला. ओढून पाहिला तर तुटेना, गाठही छान बसे.

“देवानं दोरीच धाडली गं बाय!” ती म्हणाली.

झालं. आमच्या सगळ्या जुड्या त्या वेलानं बांधल्या. लावणीला आम्ही एकमेकांच्या शेतावर जातो, त्यामुळे ही देवाची दोरी पाड्यातल्या बऱ्याच खाचरांत पोचली. जुडी सोडायची, वेलाचा तुकडा बांधावर भिरकवायचा. आमच्या जुड्या शेवटी मोगऱ्याच्या कडेला ठेवल्या होत्या, सगळ्यात जास्त तुकडे पडले ते तिथेच.

भात पोटरीत येऊन कणसं डोकावायच्या बेतात आली तोवर प्रत्येक तुकडा रुजला होता. बांधांवर ठीक होतं, तिथं उघड्यावर उपटता येत होता. पण मोगऱ्यात तो झुडपांच्या आतून वर चढला आणि वरून पांघरूण घातल्यासारखा पसरला. खाली मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. मी विळा घेऊन कापत सुटले. जितकं कापावं तितका दुप्पट यायचा. माझ्या तोंडाला त्या दिवसांत कुणी लागत नव्हतं.

शेवटी मोखाड्याला जाऊन कृषी सहायक मॅडमना गाठलं. चांगल्या आहेत बिचाऱ्या, दुसऱ्याच दिवशी चिखल तुडवत आल्या. एक फांदी वर्तमानपत्रात दाबून घेतली, फोटो काढले, कुणाला तरी पाठवले. म्हणाल्या, “ताई, बहुतेक हा बाहेरच्या देशातला वेल आहे. पक्कं सांगायला फूल लागेल.”

“मग फूल येईपर्यंत थांबू?”

“छे छे! फूल येऊच द्यायचं नाही. बी वाऱ्यावर उडतं, मग सगळा डोंगर त्याचा.”

म्हणजे फूल आल्याशिवाय ओळखता येत नाही, आणि ओळखायला फूल येऊ द्यायचं नाही. मला हसूच आलं, आणि त्याही हसल्या. पण पुढचं त्यांनी नीट समजावलं. विळा चालवायचा नाही, कारण याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि कापलेला तुकडा म्हणजे नवा वेल. मूळ शोधायचं, मुळासकट उपटायचं, उपटलेलं सगळं उघड्या कातळावर वाळवून जाळायचं. शेणखताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. मोगऱ्यात औषध मारायचं नाही, मोगराही जाईल. आणि हे सगळं दिवाळीच्या आत, त्यानंतर फुलं धरतील.

सांगायला सोपं आहे हो. मोगऱ्याच्या बुडात गवत, दगड, जुनी पानं, आणि त्यात वेलाची जाळी. खरं मूळ कुठलं आणि नुसतं टेकलेलं पेर कुठलं, कळायला मार्ग नाही. शिवराम आणि मी दिवसभर पोटावर सरपटायचो. एक वाफा साफ केला की आठवड्यानं तिथे पुन्हा कोंब. एका संध्याकाळी शिवराम कुदळ टाकून म्हणाला, “भट्टीच्या मुकादमाला सांगून ठेवतो. येतो म्हनून.” मी ती कुदळ उचलून खांद्यावर घेतली. घरी येऊन फुईला भरवताना मात्र रडू आवरलं नाही. तिला सगळं सांगितलं, वेलाचं, मुळांचं, मुकादमाचं. “तू बरी असतीस तर तासाभरात मुळं काढली असतीस,” असंही म्हणाले. तिनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगऱ्यात गेले, तर एका वेलावर गाठ.

ताजं हिरवं गवत, दुमडून पिळलेलं. पीळ उलटा. आणि गाठीतून निघालेलं लांब शेपूट, खाली दगडाकडे वळवलेलं.

पहिला विचार, शिवरामनं चेष्टा केली. चिडूनच तो दगड उलटला. खाली करंगळीएवढं जाड मूळ, वेटोळं घालून बसलेलं. हलक्या हातानं अख्खं काढलं. त्या कोपऱ्यातला सगळा वेल संध्याकाळपर्यंत माना टाकून मोकळा, आणि तिथे पुन्हा कोंब आला नाही तो आजतागायत.

त्यानंतर रोज सकाळी नवी गाठ. कधी एक, कधी दोन-तीन. शेपूट दाखवेल तिथे खणायचं, आणि तिथे मूळ असायचंच. कधी मोगऱ्याच्या अगदी बुंध्यात, कधी विहिरीच्या कठड्याच्या फटीत, जिथे मी बघितलंही नसतं.

मी गप्प बसणारी नाही. शिवरामला धरलं. त्यानं कानावर हात ठेवले, वाघदेवाची शपथ घेतली. यमुनाला गाठ मारून दाखवायला लावली, तिचा पीळ सरळ पडला. मी स्वतः डाव्या हातानं प्रयत्न केला, पुन्हा तोच गुंता, तीच जुनी बारावी. पाड्यात डावखुरं दुसरं कुणी नाही. मोगऱ्याला चारी बाजूंनी काट्यांचं कुंपण आहे, आत जायला विहिरीकडून एकच वाट. तिथे संध्याकाळी चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी राखेवर एका खेकड्याच्या पावलांच्या रेघा होत्या, बाकी काही नाही. आत दोन नव्या गाठी.

यमुना म्हणाली, “भगताला बोलव. कोन जाने काय हाय ते.”

मी म्हटलं, “जे काय आहे ते आपलं काम करतंय. भगताला बोलावून त्याला पळवून लावू?”

बोलले खरी ऐटीत, पण रात्री दाराचा आडणा, तो आतला आडवा दांडा, दोनदा तपासून झोपत होते. ती भीती एका सकाळी गेली, त्याचं असं झालं. मी नेहमीसारखी फुईची मूठ धुवायला बसले. आदल्या संध्याकाळी मीच ती धुऊन, पुसून, आत स्वच्छ फडकं ठेवलं होतं. आता फडक्याची गुंडाळी गोधडीवर पडलेली. मूठ तशीच घट्ट. कोमट पाण्यात धरून एकेक बोट उघडलं... तळव्यावर हिरवा डाग, नखांत ओली माती, आणि दोन बोटांच्या बेचक्यात गवताचं पिळलेलं पातं. हाताला त्या वेलाचा उग्र वास.

कॉमेंट करणाऱ्यांसाठी लिहिते. फुईला उठता येत नाही. कूस बदलायला दोन माणसं लागतात. तिची खाट आमच्या अंथरुणाला लागून आहे, आणि दाराला आतून आडणा असतो. पोरांनी मुठीत गवत कोंबलं म्हणावं, तर ती मूठ मला उघडायला तेल लागतं. हे सगळं मी तेव्हाच तपासलं. घाबरले का? खरं सांगायचं तर नाही. मला एकदम तिचा राग आला, आजारी माणूस बाहेर थंडीत फिरलं की येतो तसा. मी म्हटलं, “फुई, एवढ्या दवात पायात काही घालून तरी जायचं!” आणि तिच्या पायाशी बसून पोटभर रडले. ती अर्ध्या तोंडानं हसत होती.

दिवाळीच्या आधी मोगरा साफ झाला. बांध आम्ही पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून साफ केले, दोरी सगळ्यांनीच पसरली होती ना. कातळावर वाळवलेला ढीग जाळला. मॅडम बघायला आल्या, वाफ्यांतून फिरल्या आणि म्हणाल्या, “ताई, बरोबर मुळंच काढलीत की! ओळखली कशी?”

“आमच्या फुईनं दाखवली.”

“पण त्या तर झोपून असतात ना?”

“हो ना,” मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

इथपर्यंत मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण अजून एक गोष्ट झाली.

मोगरा वाचला तरी फुलं शिमग्याशिवाय येणार नव्हती, आणि तोवर काय, हा प्रश्न होताच. मुकादमाचा निरोप आला, उद्या गाडी येते. शिवराम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याची भट्टीवर न्यायची काळी बॅग वर वाशाला टांगलेली असते. मलाही ती काढायला डब्यावर चढावं लागतं. सकाळी तो ती काढायला गेला आणि हात वर करून तसाच उभा राहिला.

बॅगेच्या पट्ट्याला गाठ होती. हिरवं गवत, उलटा पीळ. आणि शेपूट खाली वळलेलं, बरोबर जिथे तो उभा होता तिकडे.

आम्ही दोघांनी फुईकडे पाहिलं. ती जागी होती. शिवराम तिच्या खाटेशी जाऊन बसला, लहान पोरासारखा. “फुई, ही तू बांधली?” तिनं बॅगेकडे पाहिलंच नाही. उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. ओठ बराच वेळ हलत राहिले, आणि मग आजारपणानंतरचा तिचा सगळ्यात स्पष्ट शब्द आला.

“माजा.”

मुकादमाची गाडी वर रस्त्यावर हॉर्न देऊन निघून गेली. शिवरामनं तो हिवाळा गावातच मिळेल ते काम करून काढला. ओढाताण झाली, नाही कशाला म्हणू. पण शिमग्याला मोगरा असा काही धरला की पहाटे कळ्या तोडायला हात पुरेनात. त्याचा पहिला उन्हाळा घरी गेला. धाकटी आता त्याला ओळखते, इतकी ओळखते की दिवसभर त्याच्या मागे भुणभुण लावते आणि तोच वैतागतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तो वेल कुठला हेही शेवटपर्यंत पक्कं कळलं नाही, कारण त्याचं फूल आम्ही कुणीच पाहिलं नाही. मोगऱ्यातल्या गाठी तो साफ झाला तशा थांबल्या, बॅगेवरची ती शेवटची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की तो हात हलणं शक्य नाही. मला ते पटतं, रोज मीच तर तो धुते. हल्ली मूठ धुऊन झाली की फडक्याच्या गुंडाळीत मोगऱ्याच्या चार कळ्या ठेवते. संध्याकाळी उघडली की आत फुललेल्या असतात. फुई, तुला वाचता येत नाही आणि आभार मानले की तू हसतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर मानते.

ती काळी बॅग अजून वाशालाच आहे. गवत वाळून पिवळं झालंय, पण गाठ सुटलेली नाही. परवा घर सारवताना यमुना म्हणाली, “काढून टाकू का गं ती?” मी तिचा हात धरला. खूण बांधलेल्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो.